बिनचढाचा रस्ता

संबोधीने नकाशावर चौथी रेघ ओढली आणि खाली उमटलेला आलेख बघून तिचा हात माऊसवरच थांबला. आलेख जवळजवळ सपाट होता.

जेवणाची सुट्टी चालू होती. कृष्णपुऱ्यात, मोबाइल टॉवरसाठी जागा शोधणाऱ्या एका कंपनीत ती कामाला होती. जमिनीची उंची दाखवणारा नेटवरचा हा नकाशा तिच्या रोजच्या वापरातला. कुठेही क्लिक केलं की त्या जागेची उंची कळायची. दोन ठिकाणांमध्ये रेघ ओढली की वाटेतले चढउतार आलेखात दिसायचे. तीन वर्षं ती टॉवरसाठी टेकड्या मोजत होती. ऑफिसपासून आपल्या घरापर्यंतचा रस्ता मोजून बघावा, हे तिला आज पहिल्यांदा सुचलं.

लहानपणीच्या पोलिओने तिचे दोन्ही पाय गेले होते. ती हाताने चालवायच्या तिनचाकीवर फिरायची. सपाट रस्त्यावर ती कोणाला ऐकत नसे. पण ऑफिस होतं नदीकाठी, घर मिलच्या चाळीत आणि मध्ये होतं एक टेकाड. परतताना पुलापासून लागणारा चढ तिच्या हातांना झेपत नव्हता. म्हणून तिचे बाबा, शंकरराव, सकाळी उतारावर तिनचाकी मागून धरून ठेवत आणि संध्याकाळी चढावर ढकलत. साडेपाचला ते गेटपाशी हजर असत. एकही दिवस चुकला नव्हता.

पहिल्या रेघेत तोच रोजचा चढ दिसला. दुसरी रेघ बाजारातून गेली, तिथे दोन चढ निघाले. तिसरी पायऱ्यांपाशी अडली. चौथी राजघराण्याच्या जुन्या समाध्यांच्या, म्हणजे छत्र्यांच्या, मागून नदीच्या काठाकाठाने गेली, दोन गल्ल्यांतून वळली आणि अलगद चाळीपाशी पोहोचली. अंतर सव्वा किलोमीटर जास्त. चढ नावालाच.

तिने शेजारच्या टेबलावरच्या अरुंधतीला हाक मारली. अरुंधतीने खुर्ची ओढून उताराचे रंग दाखवणारं बटण दाबलं. खडा चढ लाल, हलका पिवळा, सपाट हिरवा. जुन्या रस्त्यावर लाल पट्टा पसरला. नव्या रस्त्यावर सगळं हिरवं, एका वळणावर तेवढा पिवळा ठिपका. मग दोघींनी वरून काढलेले फोटो लावून गल्ल्यांची रुंदी मोजली. तिनचाकी आरामात जाईल एवढी होती.

"अगं, तू तर एकटी जाऊ शकतेस," अरुंधती म्हणाली.

नकाशाचा प्रिंट काढून संबोधीने पर्समध्ये ठेवला. चार दिवस तो तिथेच राहिला.

मिल बंद होऊन आठ वर्षं झाली होती. तीस वर्षं तिथे कापडाच्या लूमवर उभे राहिलेले शंकरराव सुरुवातीला कामासाठी दारोदार फिरले, मग फिरायचे थांबले. पन्नाशीच्या मिलवाल्याला आता कोण काम देतं बेटा, असं ते म्हणायचे. पण संबोधीची नोकरी लागली तसे ते पुन्हा रोज दाढी करू लागले, इस्त्रीचा शर्ट घालू लागले. घड्याळ बघून घराबाहेर पडू लागले. तिला वाटायचं, बाबांकडे हे एवढंच उरलंय. तेही आपण काढून घ्यायचं?

शनिवारी अरुंधतीने तिला फैलावर घेतलं. तुझे हात धडधाकट आहेत आणि तू प्रिंट लपवून बसली आहेस, म्हणाली. दुपारी साडेचारला संबोधीने घरी फोन लावला.

"बाबा, आज घ्यायला नका येऊ. मी एकटी येतेय, नवीन रस्त्याने."

त्यांनी एवढंच विचारलं, की चढ किती आहे. नाहीच्या बराबर, ती म्हणाली. संभाळून ये, म्हणून त्यांनी फोन ठेवला.

ती निघाली. छत्र्या मागे पडल्या, नदीचा वास आला, काठाचा रस्ता खरंच सपाट निघाला. जो हिरवा पट्टा तिने पडद्यावर पाहिला होता, तो चाकाखालून सरकत होता. पिवळ्या ठिपक्याच्या वळणावर तिचे दंड भरून आले. तिने ब्रेक लावला, दम घेतला, रुमालाने तळहात पुसले आणि पुन्हा हँडल फिरवायला लागली. ते वळण पार झालं तेव्हा ती एकटीच हसत होती. सत्तावीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा तिच्या मागे कोणी नव्हतं.

चाळीच्या तोंडाशी शंकरराव उभे होते. शेजारी आई, मीराबाई. त्यांना बघताच संबोधीचं हसू ओसरलं. वाटेत जुळवलेलं ती बोलायला लागली, की सकाळी तरी तुम्ही यायचं, मला सोबत हवीच असते. शंकररावांनी ते ऐकलंच नाही. त्यांनी प्रिंट मागून घेतला आणि त्या रेघेवरून सावकाश बोट फिरवलं.

"रोज जमेल? बरसातीत पण?"

"जमेल, बाबा."

ते दोन पावलं बाजूला गेले आणि त्यांनी खिशातून मोबाइल काढला. विष्णूला लावताहेत, मीराबाई हळूच म्हणाली. विष्णू लूमवरचा त्यांचा साथीदार, आता पीथमपूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर.

"तीन वर्षांत तीनदा कामाला बोलावलं त्याने यांना," मीराबाई म्हणाली. "कारखान्याची बस सकाळी सातला नेते, रात्री आठला सोडते. पोरीला कोण आणेल म्हणून दर वेळी नाही म्हणाले. तुला सांगू नको, अशी शपथ घातली होती."

शंकररावांचा आवाज आता साऱ्या चाळीला ऐकू जात होता.

"विष्णू भिया, ती जागा भरली का? नाही ना? मग सोमवारपासून मी येतो. हो, पक्का येतो. माझी मुलगी आज एकटी घरी आली."