सुनेची भाषा

सुनेने फोन कानाला लावला आणि बाहेरच्या खोलीत सासूने शिलाई मशीनवरचा पाय उचलला. आज तिला सगळं कळणार होतं.

सून घरात आली ती स्वतःची भाषा घेऊन. मुलाने ती केव्हाच उचलली होती. जेवताना दोघं त्या भाषेत बोलत, हसत, आणि सासू आपल्याच घरात पाहुणी होऊन बसे. त्यातून सुनेचा हा रोज संध्याकाळचा माहेरी फोन. मध्येच 'सासूबाई' एवढा एकच शब्द ओळखीचा, आणि मग हसणं.

"माझ्या नावाने बोटं मोडते ती," सासू नवऱ्याला म्हणाली.

"तुला कळतं का ती काय म्हणते?" त्याने पेपरातून डोकं न काढता विचारलं.

"कळत नाही, तेच तर दुखणं आहे."

अशातच वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई उसवलेला कोट घेऊन आल्या. त्यांची भाषा सुनेचीच. बोलता बोलता म्हणाल्या, "शिकायचीय का? निवृत्त झाल्यापासून मला दुपार खायला उठते."

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन. "पण सुनेला पत्ता लागता कामा नये," सासूने बजावलं.

"माझ्या तोंडाला कुलूप."

मग रोज दुपारी शिकवणी सुरू झाली. सुई, कात्री, बटण, सगळ्यांचं नव्याने बारसं झालं. मशीन चालवता चालवता सासू क्रियापदं घोकायची. त्या नादात एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्याच लागल्या. नवऱ्याला वाटलं, बायकोला स्वतःशी बोलायची सवय लागली. पण बाजारात ती भाषा बोलणाऱ्या एका भाजीवालीशी तिने घासाघीस केली आणि भेंडी स्वस्त मिळवली, त्या दिवशी ती घरापर्यंत ताठ मानेने चालत आली. आता आपल्याला कोणी कोपऱ्यात बसवू शकत नाही, असं तिला वाटलं.

आणि आज ती दाराला कान लावून उभी होती. सून नेमकी सावकाश बोलत होती, हे बरंच झालं. 'जेवण' कळलं. 'पाणी आलं नाही' कळलं. इतके दिवस जो नुसता गलका होता, त्याचे आज सुटे सुटे शब्द झाले. सासूला तिथेच नाचावंसं वाटलं. भांडायचं कसं तेही तिने त्याच भाषेत जुळवून ठेवलं होतं. आता फक्त आपलं नाव निघायचा अवकाश.

ते निघालं.

"सासूबाई दाराआडच उभ्या आहेत," सून म्हणत होती, "म्हणून तर सोपं आणि हळू बोलतेय. किती कळलं, ते उद्या दुपारी विचारून घ्या, नर्सबाई."