‘होल्ड’चे सात अर्थ

“हा शब्द मला पसंत नाही,” डांसो म्हणाला आणि त्याने कागदावर बोट टेकवलं. बोटाखाली ‘होल्ड’ होता.

आसुएको गावच्या दरबारात सकाळपासून डझनभर माणसं घाम पुसत बसली होती. समोर खाणकंपनीचा माणूस होता, बेडियाको. सोबत दोन साक्षीदार. कंपनीला सोन्यासाठी नदीकाठचं रान हवं होतं. वरच्या अंगाच्या एका गावाने असंच रान देऊन टाकलं होतं. तिथली नदी आता दुधाच्या चहासारखी वाहते आणि लोक प्यायचं पाणी पिशवीतून विकत आणतात. आसुएको अजून नदीचंच पाणी पीत होतं.

गावचे राजे, नाना, आसनावर बसले होते, शेजारी राजमाता सेरवा. नानांशी थेट बोलायची रीत नाही. सांगायचं ते डांसोला सांगायचं, उत्तर यायचं तेही डांसोच्याच तोंडून. सोनेरी मुठीची काठी धरून तीस वर्षं तो दरबाराची जीभ होता. शेजारच्या अबोन्सो गावाशी हद्दीचा वाद झाला, तेव्हा त्यांच्या दरबाराची जीभ, म्हातारा अमोआको, कागदांचं गाठोडं घेऊन आला होता. डांसोने त्याला एका प्रश्नात गार केलं. त्या गोष्टीला वीस वर्षं झाली, पण डांसो ती अजून सांगायचा. त्यात इंग्रजी त्याच्याइतकं पंचक्रोशीत कोणाला येत नव्हतं, आणि हे तो कोणाला विसरू देत नसे.

“कंपनी हे रान होल्ड करील, असं लिहिलंय,” तो म्हणाला. “आता होल्ड म्हणजे काय? आई पोराला कडेवर घेते, तेही होल्ड. पोलीस चोराला कोठडीत डांबतो, तेही होल्ड.”

“आणि बायको नवऱ्याला घरात डांबते ते?” एका म्हाताऱ्याने विचारलं.

“तुमच्या घरी तेही, बाबा.”

हशा पिकला. डांसोला चेव चढला. श्वास रोखतात ते होल्ड, सभा भरवतात ते होल्ड, फोनवर ताटकळत ठेवतात ते होल्ड. बाई दुसरीचे दागिने जपून ठेवते ते होल्ड, आणि परत मागायला आल्यावर देत नाही तेही होल्डच. एकेक अर्थ तो आपल्या भाषेत उलगडून सांगत होता आणि म्हातारे माना डोलवत होते. एवढ्याशा शब्दाच्या पोटात एवढं सगळं दडलंय म्हणून लोक चकित झाले होते. ऊन अंगणाच्या मध्यावर आलं.

बेडियाकोने मात्र एकदाही वाद घातला नाही. अदबीने हसायचा, मधूनच फाटकाबाहेरच्या गाडीकडे पाहायचा. डांसोला ते जरा खटकलं. पण जिंकत आलेल्या माणसाला खटकलेलं फार वेळ लक्षात राहत नाही.

“शब्द काढा,” डांसोने शेवटी बजावलं. “कंपनी रान फक्त पाहील, असं लिहा. पाहील. हात लावणार नाही.”

बेडियाकोने खिशातून पेन काढलं, ‘होल्ड’वर काट मारली, वर नवा शब्द लिहिला आणि सही ठोकली. इतकं सोपं होतं! डांसोची छाती फुगली. नदी वाचली होती आणि ती त्याने वाचवली होती.

“काका, रानाचं बोलणं झालं,” बेडियाको म्हणाला. “नानांनी आम्हाला एवढा वेळ दिला. आता त्यांचे आभार मानू द्या.” त्याने खूण केली आणि गाडीतून श्नॅप्स दारूच्या दोन बाटल्या आल्या, बर्फात ठेवलेल्या.

सगळ्यांचे घसे कोरडे पडले होते. डांसोने एक बाटली फोडली, जमिनीवर चार थेंब ओतले आणि रीतीप्रमाणे खड्या आवाजात पूर्वजांना हाक घातली: “या, प्या! बेडियाकोने नदीकाठच्या रानासाठी आभाराची दारू आणली आहे!” पेला फिरला. म्हाताऱ्यांनी घोट घेतले, बेडियाकोच्या साक्षीदारांनीही घेतले. मग तिघं उठले, वाकून नमस्कार केला आणि निघाले.

पेला राजमाता सेरवापाशी आला. तिने पेल्यावर तळहात ठेवला.

“डांसो, सकाळी आल्या आल्या त्यांनी बाटली दिली, ती कसली?”

“भेटीची.”

“आणि अमोआकोला तू काय विचारलं होतंस?”

डांसोला तो प्रश्न आठवला. विचारलं होतं, आभाराची दारू कोणी फोडली? मागणाऱ्याने द्यायची, देणाऱ्याने फोडायची, पूर्वजांना पाजायची, साक्षीदारांनी घोट घ्यायचा. मग जमीन गेली. पूर्वजांना पाजलेलं परत मागता येत नाही. अबोन्सोकडून ती दारू कधी दिलीच गेली नव्हती. अबोन्सोने रान गमावलं आणि म्हातारा त्याच वर्षी झुरून मेला.

सहीचा कागद उचलून डांसो अनवाणीच धावला. गाडी सुरू झाली होती.

“अहो, तुमचा कागद!” तो ओरडला. “यात फक्त पाहायचं लिहिलंय! तुमची सही आहे!”

बेडियाकोने काच खाली केली. आता तो हसत नव्हता.

“असू द्या, काका,” तो म्हणाला. “माझ्या आजोबांकडेही कागदच होते.”