गंजाखालचा लाल रंग

बेपत्ता लेकाची, आर्सेनियोची, सायकल सापडलेली नाही, म्हणजे तो तिच्यावर बसून कुठेतरी गेलाय आणि एक दिवस परत येणार, या एवढ्याच आशेवर उबाल्दिनाबाई इतकी वर्षं तग धरून होत्या. आणि आता भंगारवाल्याने दरीतून एक पोलादी रेसिंग सायकल वर काढली होती. गंजाने तिचा रंगही ओळखू येत नव्हता. बाईंनी ती फरपटत एलिएसेर मिस्त्रींच्या दुकानात आणली.

"घासा, आणि त्याची नाही म्हणून सांगा. तुम्हीच त्याला सायकल बांधून दिली होतीत. तुमचं मी ऐकेन."

मिस्त्रींनी चाकं, सीट, साखळी सगळं सुटं केलं. गंज खरवडला, तसा खालून लाल रंग निघाला.

"लाल काय, आपल्या दुइतामा गावातल्या निम्म्या पोरांची होती," ते पुटपुटले. मग पेडलजवळच्या जोडावरून बराच वेळ अंगठा फिरवत राहिले. "नाही हो बाई. या जोडाची झाळ माझ्या हातची नाही. जा घरी निवांत."

बाईंनी छातीवर क्रूसाची खूण केली.

गिऱ्हाइकाला वर बसवून पायाचं माप बघितल्याशिवाय मिस्त्री कधी सीट आवळत नसत. आज मात्र मान खाली घालून त्यांनी सगळं जोडलं, सीट आवळली आणि सायकल बाईंच्या हाती दिली.

दारापाशी बाई थबकल्या. सीट त्यांच्या बरगडीखाली नेमकी तिथेच लागत होती, जिथे आर्सेनियोची सायकल धरली की लागायची.

"मिस्त्री," त्यांनी मागे न वळताच विचारलं, "ही सीट कुणाच्या मापाने लावलीत?"