पहिले पाढे पंचावन्न

"पाढे?" समुपदेशक मॅडमनी विचारलं.

"हो. बे ते तीस." ती मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती. "आई मला अडगळीच्या खोलीत घालायची आणि बाहेरून कडी लावायची. आत अंधारात पाढे म्हणायचे. सगळे बरोबर आले की दार उघडणार. मी सतरा चोकला अडकायचे."

"आणि अडकलात की?"

"ती बाहेरूनच म्हणायची, 'चुकलं. बे एके बे.' म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. ओरडायची नाही. मारलं तर कधीच नाही."

खालच्या मजल्यावर दातांचा दवाखाना होता. तिथे कुणीतरी बोंब ठोकली. दातवाल्यांचं बरं असतं. दुखतं तिथे बोट ठेवता येतं, ओरडता येतं, आणि वर कुणी 'मनाला लावून घेऊ नकोस' असं म्हणत नाही. हिला मात्र पस्तिशी उलटेपर्यंत कुणापाशी तोंड उघडता आलं नव्हतं.

ती पडद्यांच्या कापडाच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाईक मापं सांगून होईतो हिचा हिशेब तयार असायचा. "आम्हाला मशीन लागतं," मालक कौतुकानं म्हणायचे, "हिला हिच्या आईनं घडवलंय." मग एका सकाळी ती कात्री हातात घेऊन तशीच उभी राहिली. समोर कापड, समोर गिऱ्हाईक, आणि हात हलेना. त्याआधी कित्येक महिने तिला अन्न गोड लागत नव्हतं आणि सकाळी उठून केस विंचरायचे म्हटलं तरी जिवावर येत होतं. मालकीणबाईंनी तिला मागच्या खोलीत बसवलं, पाणी दिलं आणि हा पत्ता शोधून दिला. देव त्यांचं भलं करो. आळशी म्हणणारे तोवर पुष्कळ भेटले होते.

"या आठवड्यात कसं वाटलं?" मॅडमनी विचारलं.

"दोन दिवस बरे गेले. मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न." स्वतःच्याच बोलण्याचं तिला किंचित हसू आलं. मॅडमही हसल्या.

"आई तुमच्याजवळच असतात ना?"

"हो. थकली आता. विसरते. तिला खाऊपिऊ घालते, दार लावते आणि कामाला निघते."

"राग येतो त्यांचा?"

"नाही येत. तिचं सगळं मीच तर करते."

मॅडमचं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. अंगठ्याशेजारचं बोट काळंनिळं झालं होतं.

"हे काय लागलं?"

"कडी जुनी आहे. जोर लावावा लागतो."

"ती अडगळीची खोली अजून आहे?"

"आहे."

"मग एक करून बघा. कधीतरी ते दार उघडा आणि उंबऱ्यात उभ्या राहा. ती लहान मुलगी आता आत नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा."

"ते दार मी रोज उघडते, मॅडम. घरी गेले की पहिलं काम तेच."

मॅडमचा चेहरा उजळला. "अहो, मग तुम्ही केवढ्या पुढे आला आहात."

तिनं मान खाली घातली. आठवडाभर कापड कापताना, घड्या घालताना ती एकच वाक्य घोकत होती. ते बोलून टाकल्याशिवाय आपण यातून बाहेर पडणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"मॅडम, एक सांगायचं राहिलंय."

"सांगा ना."

"मी चांगली नाहीये. म्हणजे मी..."

मॅडमनी खुर्ची पुढे ओढली. "माझं ऐका. ज्या मुलांना असं वागवलं जातं ना, ती मोठेपणी स्वतःलाच वाईट म्हणत राहतात. यात तुमचा काहीही दोष नाही."

असं तिला जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. ती हमसून हमसून रडली. ओठांवर आलेलं वाक्य रडण्याबरोबर गिळलं गेलं, आणि एवढ्या मायेच्या माणसासमोर ते पुन्हा वर काढायचा तिला धीर होईना. तेवढ्यात वेळ संपली.

"पुढच्या वेळी सांगेन," ती म्हणाली.

"घाई नाही. तुमच्या कलानं घेऊ."

वाटेत तिनं केळी घेतली. आईला दात उरले नव्हते, मऊच लागायचं. जिन्यात शेजारीण भेटली.

"आई बरी आहे ना ग? दुपारी आवाज येत होता. काहीतरी म्हणत होत्या."

"जुनं आठवतं तिला. म्हणत बसते."

"नशीब काढलं म्हातारीनं. लेक असावी तर अशी."

ती जिना चढत राहिली. आज वेगळं वागायचं, हे तिनं वाटेतच ठरवलं होतं. काही ऐकायचं नाही, काही विचारायचं नाही, नुसतं दार उघडायचं. एवढं जमलं तर पुढच्या वेळी ते वाक्यही बोलता येईल असं तिला वाटत होतं, आणि तसं वाटून बऱ्याच दिवसांनी थोडं हलकं वाटत होतं.

कुलूप काढून ती आत आली. केळी टेबलावर ठेवली, दिवा लावला आणि अडगळीच्या खोलीपाशी जाऊन कडीवर बोट ठेवलं.

"सतरा त्रिक एक्कावन्न," आतून दमलेला म्हातारा आवाज आला. "सतरा चोक... सतरा चोक..."

तिनं श्वास रोखला. बरोबर येऊ दे, असं तिला मनापासून वाटलं. उत्तर तिच्या जिभेवर होतं.

"सतरा चोक बासष्ट."

तिनं कडीवरचं बोट काढून घेतलं.

"चुकलं, आई," ती म्हणाली. "बे एके बे."