उंचीचा रकाना

निकालाच्या आदल्या दिवशी तिसरीच्या बोंद्रे बाई प्रगतिपुस्तकांत मुलांची उंची भरत होत्या. शाल्मलीचा नंबर आला. पहिल्या सत्रात ११८ सेंटिमीटर. त्याआधीच्या सहा वर्षांतही ११८च.

भिंतीला टेकून उभ्या शाल्मलीच्या डोक्यावर बाईंनी पट्टी ठेवली. मग पुन्हा एकदा ठेवली. एकशे एकोणीस.

"बाई, ११८च लिहा ना," ती हळूच म्हणाली. "आईला कळलं तर ती थांबसुईचा डोस वाढवेल. मग मी कधीच मोठी होणार नाही."

खिडकीत वर्गाच्या प्रकल्पाची मटकीची रोपं उभी होती. ती रोज मोजून वहीत लिहायचं काम याही वर्षी शाल्मलीकडेच होतं. तिच्याबरोबर पहिल्यांदा तिसरीत बसलेल्या मुली आता नववीत होत्या.

बाईंनी ११८ लिहिलं. उभ्या नोकरीत खोटा आकडा त्यांनी कधी लिहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आई आली. 'त्याच वर्गात' हा शेरा तिने वाचलासुद्धा नाही. सरळ उंचीच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि तिचा चेहरा खुलला.

"माझं पिल्लू ते! पुढच्या वर्षीही तुमच्याच वर्गात हं, बाई. आणि सुट्टीत आम्ही..."

बोलता बोलता, सात वर्षांच्या सवयीने, तिने न बघताच लेकीच्या डोक्यावर ठेवायला हात खाली सोडला. डोकं हाताला जरा आधीच लागलं.

आई बोलायची थांबली.