फोनने सांगितलेले गुण

मेंदूला झटका आल्यापासून आन्सेल्मोबाबांना साधी बेरीज जमेना, आणि बेरजेवाचून त्रुको हा थापांचा पत्त्यांचा खेळ कसला खेळणार? एका रंगाच्या दोन पानांची बेरीज करायची, वर वीस मिळवायचे; राजा, घोडा, गुलाम या चित्रांना शून्य. चिविल्कोय गावच्या क्लबात जाणंच त्यांनी सोडलं. शेवटी लेकीने, रोसिओने, फोनवर चार ओळींचा प्रोग्राम लिहून दिला. हातातली तीन पानं पडद्यावर दाबली की फोन गुण बोलून सांगे.

रविवारी ती त्यांना हाताला धरून क्लबात घेऊन गेली. जुन्या दोस्ताशी, बाल्दोमेरोशी, डाव एकोणतीस-एकोणतीसवर आला. तीस झाले की जिंकला, म्हणजे आता एकाच गुणाचा सवाल होता. बाबांनी सावकाश पानं दाबली आणि फोन भर क्लबात ओरडला, “तेहतीस!”

“अहो बाबा, आवाज!” रोसिओने कपाळाला हात लावला.

बाबांनी तरीही गुणांवर आव्हान दिलं: ज्याचे गुण जास्त तो जिंकला, आणि समोरच्याने माघार घेतली तर पानं न दाखवताच एक गुण.

“आता आव्हान कसलं देतोस, आन्सेल्मो?” बाल्दोमेरो हसला. “तू जन्माचा थापाड्या, पण फोन कुठला थापा मारायला! तेहतिसाच्या वर गुणच नाहीत. सोडला डाव.” गुण मोजायचा वालाचा शेवटचा दाणा त्याने बाबांकडे सरकवला.

पानं गोळा करताना रोसिओ थबकली. बाबांची पानं होती राजा, घोडा आणि गुलाम, तिन्ही वेगळ्या रंगांची. निव्वळ शून्य.

“बाबा,” ती हळूच म्हणाली, “तुम्ही चुकून भलतीच पानं दाबलीत हो.”

“चुकून नव्हे गं,” बाबा तिच्या कानाशी पुटपुटले. “सहा, सात आणि वर वीस. झाले ना तेहतीस?”