खऱ्या गावाची पाहणी

पार्वताबाईंनी तव्यावरची भाकर उचलली आणि थेट अश्लेषाच्या ताटात टाकली.

"खाय वं पोरी. पुण्यात तुले कोन देते अशी?"

अश्लेषा हसली. चार दिवस सुट्टी काढून आलेली पाहुणी जशी हसेल तशीच हसली, पण ती आली होती कामावर. तिची कंपनी पूर्वी लोकांना युरोप दाखवायची. करोनात विमानं बसली आणि त्यांच्याबरोबर कंपनीही बसली. पुढं सगळं सुरळीत झालं, तरी लोकांची हौस पार बदलून गेली होती. बर्फात फोटो काढून घेणाऱ्यांनाच आता चुलीवरची भाकर हवी होती, विहिरीचं पाणी हवं होतं आणि मायेनं चार शब्द बोलणारं कुणीतरी हवं होतं. तेही अस्सल, त्यात भेसळ चालत नव्हती. गेल्या मोसमात कंपनीच्या एका खेड्यातला शेतकरी नाटक मंडळीतला निघाला. पाहुण्यांनी बोंब मारली आणि ते खेडं पसंत करणारी नीलम घरी बसली.

आता अश्लेषाची पाळी होती. ती मूळची अकोल्याची, तिला वऱ्हाडात कोण फसवणार, असं साहेबांचं म्हणणं. तिलाही तसंच वाटत होतं.

वरूडजवळची ही संत्र्याची बाग गजेंद्रची. बागेच्या कडेला त्यानं पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या होत्या आणि पुण्याच्या कंपनीनं आपलं नाव घ्यावं म्हणून तो देव पाण्यात घालून बसला होता. पाहणीला आलेली बाई हीच, हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं. निदान अश्लेषाची तशी समजूत होती. पहिल्याच दिवशी त्यानं पार्वताबाईंकडं बोट दाखवून बजावून ठेवलं होतं, "आमची बुढी माय जुन्या वळणाची हाय, मॅडम. काही बोलली तं राग मानू नका."

बुढी बोलली, आणि भरपूर बोलली. ताटात भरीत उरलं म्हणून बोलली, केस मोकळे सोडले म्हणून बोलली. अश्लेषा कान टवकारून ऐकत होती. बोली कुठं घसरते का, हेच तिला पाहायचं होतं. पण पार्वताबाईंची बोली गजेंद्रपेक्षाही दाट होती. चुलीपुढं बसलेल्या बाईंचा अश्लेषानं फोटो काढायला घेतला, तेव्हा त्यांनी पदर तोंडावर ओढून तिला सरळ हाकललंच. तिथंच तिची अर्धी खात्री पटली. सोंग करणारी माणसं फोटोला सगळ्यांच्या आधी उभी राहतात, हे तिनं बरंच पाहिलं होतं.

शेजारच्या खोलीत आणखी एक पाहुण्या होत्या, अमरावतीच्या निवृत्त शिक्षिका कुंदाताई. हवापालटाला आल्या होत्या, पण घसा बसल्यामुळं खुणेनंच बोलायच्या. घरचं कुत्रं दिवसभर त्यांच्याच पायाशी लोळत असे. पार्वताबाईंकडं ते ढुंकूनही बघत नव्हतं.

"ते बाई बिस्किटं चारून राहिली ना त्याले," पार्वताबाई म्हणाल्या. "इमान असंच फिरते."

संध्याकाळी तिघी बागेतून हिंडल्या. कुंदाताई मध्येच वाकायच्या आणि खाली पडलेली संत्री ओच्यात गोळा करायच्या. फुकट मिळालं की शहरातल्या माणसाला राहवत नाही, असं म्हणत अश्लेषा मनातल्या मनात हसली.

निघायच्या दिवशी दुपारी पार्वताबाईंनी तिला ओसरीवर बसवलं आणि विचारलं न विचारलंसं करत डोक्याला तेल लावायला घेतलं.

"तुही माय नाई लावत का तेल?"

"आई नाही. करोनात गेली, अकोल्याला. मी पुण्यात अडकले होते."

केसांतली बोटं थांबली. पार्वताबाईंनी तिचं डोकं आपल्या गुडघ्याला टेकवून घेतलं. "डोयाले पानी येते तं येऊ दे. इथं कोन पायते तुले?"

अश्लेषा रडली. इतकी वर्षं तिनं ते रडणं कामाखाली दाबून ठेवलं होतं. आज इथं, परक्याच्या ओसरीवर, ते बाहेर पडलं. लोक पैसे मोजून इतक्या लांब का येतात, हे तिला कंपनीच्या कुठल्याही बैठकीत कळलं नव्हतं. ते आत्ता कळलं, आणि तिला हलकं वाटलं.

गजेंद्र मोटारसायकलवरून तिच्या गाडीला वाट दाखवत फाट्यापर्यंत आला आणि तिथून मजुरांना आणायला वरूडकडं गेला. अश्लेषानं गाडी बाजूला घेतली आणि साहेबांना कळवून टाकलं, 'हे घर शंभर टक्के खरं आहे. जबाबदारी माझी.' पाठवून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं, की चार्जर खोलीतच राहिलाय.

ती परत वळली. गाडी बांधापाशी लावून मागच्या दारानं अंगणात शिरली. चूल विझली होती. आत स्वयंपाकघरात, गॅसपाशी, कुंदाताई चहा ढवळत उभ्या होत्या. पायरीवर मघाशी तेल लावणारी म्हातारी खांद्याला पर्स अडकवून चपला घालत होती.

"पुढच्या शनिवारी मला जमणार नाही हं, पार्वताबाई," म्हातारी आत बघून म्हणाली. तिची मराठी आता वर्गात धडा शिकवावा तशी स्वच्छ होती. "अमरावतीला माझ्याच घरी पाहुणे यायचे आहेत. गजेंद्रला सांगा, त्या दिवसापुरती दुसरी आई बघ म्हणावं."